रोज सुटणारी वेणी



केसांवर व्याख्यान आहे म्हटल्यावर कोणते तेल लावावे, कोणता पाला वाटून थापावा, किती दिवसांत गुण येतो, एवढे तरी ऐकायला मिळेल अशी आपली अपेक्षा असणार. त्यातले थोडेफार पुढे येईल. पण माझे मुख्य म्हणणे वेगळे आहे आणि ते आधीच मांडलेले बरे. केशरचना कोणतीही असो, तिपेडी वेणी असो, अंबाडा असो, पोरींची पोनी असो की पोरांचा नव्या चालीचा कट असो, आरोग्याच्या दृष्टीने तिला तीनच प्रश्न विचारायचे. ती रोज सुटते का? सुटल्यावर बोटे, फणी आणि पाणी डोक्याच्या कातडीपर्यंत पोचतात का? आणि बांधलेली असताना केसांच्या मुळांवर ओढ बसते का? आयुर्वेदाने दिनचर्येत केसांविषयी जे सांगितले आहे त्याचा गाभा माझ्या समजुतीप्रमाणे या तीन प्रश्नांत आहे. हे आपल्या मराठवाड्यातल्या जळकोटात सांगण्याला कारण आहे. या भागात तुळजापूरची भवानी आहे, येरमाळ्याची येडेश्वरी आहे, आणि या दोन्ही ठाण्यांना जाणाऱ्या भाविकांत आजही अशा बाया दिसतात ज्यांच्या डोक्यावरची रचना कधीच सुटत नाही. तिला आपण जट म्हणतो. केसांच्या आरोग्याचा विचार करायचा तर तो जटेपासून सुरू केला पाहिजे, असे मला वाटते.

आधी आयुर्वेदाचे ग्रंथ काय म्हणतात ते पाहू. चरकाच्या मते आहारातून रस, रसातून रक्त, असे एकेक धातू तयार होत जातात आणि प्रत्येक धातू तयार होताना काही मल उरतो. अस्थिधातू घडताना जो मल उरतो तो म्हणजे केस आणि अंगावरची लव. आजच्या शरीरशास्त्राच्या मापाने हे विधान शब्दशः खरे नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मोलाचा आहे: केस वरून लावलेल्या वस्तूंचे बनत नाहीत, ते आतल्या पोषणाच्या शेवटच्या टप्प्यावर येतात. घरात धान्य कमी पडले की आधी पाहुण्यांचे ताट कमी होते, तसे शरीर अडचणीत आले की आधी केसांचा वाटा कापला जातो. सुश्रुताने केस गळण्याचे वर्णन केले आहे ते असे, की वातासह पित्त रोमकूपांत शिरते आणि केस गळतात, मग रक्तासह कफ ती छिद्रे बुजवतो आणि नवे केस उगवत नाहीत. गळणे आणि न उगवणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे त्याने ओळखले होते. आजही केस गळतात म्हणून येणाऱ्या माणसाला डॉक्टर हा प्रश्न विचारतात: गळलेल्या जागी बारीक केस येत आहेत का?

दिनचर्येत या लोकांनी काय सांगितले? चरक रोज डोक्याला तेल लावायला सांगतो आणि केस, दाढी, नखे कापणे व नीटनेटकी ठेवणे यालाही आरोग्याचा भाग मानतो. सुश्रुत फणीची शिफारस करतो आणि कारण देतो: फणीने धूळ, उवा आणि मळ निघतो. डोक्याला फेटा-पागोटे गुंडाळणे केसांना हितकर आहे, कारण वारा, ऊन आणि धूळ अडते, असेही तोच म्हणतो. वाग्भटाने एक बारकावा नोंदवला आहे. कढत पाणी मानेखालच्या अंगाला बळ देते, पण तेच डोक्यावर घेतले तर केस आणि डोळे दुबळे होतात. आपल्याकडे बंबातले कडकडीत पाणी डोक्यावर ओतल्याशिवाय न्हाल्यासारखे वाटत नाही अशी पुष्कळ घरे आहेत, त्यांनी हे लक्षात घ्यावे. आणि चरकाने आपल्या ग्रंथातल्या विमानस्थान या भागाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे की जे लोक क्षार आणि मीठ अति खातात त्यांना अकाली टक्कल पडते व केस पिकतात. ही सगळी वाक्ये एकापुढे एक ठेवून पाहा. यात कुठेही एखादी गुप्त जडीबुटी नाही. फणी, कात्री, कोमट पाणी, तेल, डोक्यावर कापड, जेवणातले मीठ. रोजच्या घरातल्या या वस्तू आहेत.

आता जट कशी होते ते जवळून पाहू, कारण तिच्यात या दिनचर्येची उलटी बाजू स्पष्ट दिसते. निरोगी माणसाचे रोज 50 ते 100 केस गळतात. एका महिन्यात केस साधारण एक सेंटिमीटर वाढतो, काही वर्षे वाढत राहतो, मग मूळ विसावते, तो केस गळतो आणि त्याच जागी नवा येतो. ज्या बाईची वेणी रोज सुटते तिचे हे गळलेले केस फणीत येतात, ती त्यांचा गुंडाळा करून टाकून देते. जिची वेणी सुटत नाही तिचे गळलेले केस जातील कुठे? ते शेजारच्या जिवंत केसांत अडकून तिथेच राहतात. मानेजवळ, जिथे उशी घासते आणि पदर घासतो, तिथे आधी एक लहान गुंता होतो. त्यात घाम, डोक्याचा तेलकटपणा, शेतातली धूळ आणि चुलीचा धूर बसतो. बाळंतपण, लांबलेला ताप, मनाचा आजार किंवा घरातले मरण अशा एखाद्या काळात महिना-दोन महिने फणी लागत नाही, आणि बाळंतपण किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस नेमके जास्त गळतात. म्हणजे गुंत्याला माल भरपूर आणि सोडवायला हात नाही. काही महिन्यांत तो गुंता नमद्यासारखा घट्ट होतो. इथपर्यंत ही निव्वळ अस्वच्छतेची, बहुतेक वेळा थकलेल्या बाईची गोष्ट आहे. यानंतर कोणीतरी म्हणते, हिच्या डोक्यात देवी आली. गाठीला हळद-कुंकू लागते, फणी वर्ज्य होते, आणि सुटू शकणारी गाठ कायमची होते.

पुढची वर्षे त्या बाईने कशी काढायची? वाढत जाणाऱ्या जटेचे वजन मानेवर येते. मुळांवर सतत ओढ बसते. आत पाणी गेले तर वाळत नाही, म्हणून न्हाणेच टळते, आणि मग उवा, खाज, कुबट वास, कधी कातडीवर जखमा. रात्री एका कुशीवर झोपता येत नाही. पुण्याच्या नंदिनी जाधव महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या आहेत. त्यांनी दोनशेहून अधिक बायांच्या जटा समजावून, संमती घेऊन कापल्या आहेत. त्यांचा मूळ व्यवसाय ब्युटिशियनचा, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ज्या कात्री-फणीला आपण नटण्यामुरडण्याची साधने म्हणतो त्यांनीच इथे बाईची मान मोकळी केली. सुश्रुताने फणीला आरोग्यात जागा दिली तिचा अर्थ यापेक्षा चांगला कोणी दाखवून दिलेला माझ्या पाहण्यात नाही.

पहिला आक्षेप इथेच येतो, आणि तो घेणारी माणसे बरीचशी आपलीच आहेत. जट हा देवीचा कौल आहे, ती कापली तर घरात मरण येते, असे ती मानतात. त्यांची भीती खरी आहे आणि तिची टिंगल करून काही साधत नाही. मी दोनच गोष्टी पुढे ठेवीन. एक, हीच जट आणि हीच भीती दूर युरोपातल्या पोलंडमध्येही होती. तिथे तिला वेगळे नाव होते. जट कापली तर रोग आत शिरतो, आंधळेपणा येतो, असे तिथले शेतकरी मानत. क्राकूव्हच्या योझेफ डिट्ल या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिचा अभ्यास केला, ती न विंचरण्याने होते हे दाखवले आणि ती कापायची मोहीम धरली. तिथे येडेश्वरी नव्हती, भवानी नव्हती. तरीही गुंता तोच आणि धाक तोच. मग हा कौल कोणत्या देवीचा म्हणायचा? दुसरी गोष्ट तुळजापूरची. तिथे भवानीची अभिषेकपूजा नित्य होते. देवीला न्हाऊ घालतात, पुसतात, वस्त्र-अलंकार चढवतात, आणि दुसऱ्या दिवशी ते सारे उतरवून पुन्हा न्हाऊ घालतात. जी देवी स्वतः रोजच्या स्नानावाचून राहत नाही तिने आपल्या लेकीला वर्षानुवर्षे न न्हाण्याची शिक्षा दिली, हे मला देवीच्या भक्तीशीही जुळत नाही.

जटाधारी साधूंचे काय, असे कोणी विचारील. साधू जटा वाढवतो तो घरदार सोडून, कळत्या वयात, स्वतःच्या निवडीने. चरक-सुश्रुतांची दिनचर्या संसारी माणसासाठी आहे. कांदा निंदणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, लेकरू कडेवर घेणाऱ्या बाईला साधूचे व्रत लावणे हा साधुत्वाचाही मान नव्हे. आणखी एक अडथळा आहे, त्याच्याकडे सुधारकांचेही लक्ष कमी जाते. बाईचे केस आखूड होणे हे आपल्या समाजात फार काळ वैधव्याचे चिन्ह होते. उच्चवर्णीय विधवांचे केशवपन करणार नाही, अशी शपथ नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी 1890 साली घेतली. चाल गेली, पण बोडक्या डोक्याची लाज मनातून पुरती गेली नाही. जट काढायला तयार झालेली बाईसुद्धा अनेकदा विचारते की नंतर लोक काय म्हणतील. म्हणून कात्री लावण्याआधी घरच्यांशी आणि शेजारच्या चार बायांशी बोलणे, आणि नंतर तिला आखूड केस नीट विंचरून देणे, हा उपचाराचाच भाग समजला पाहिजे.

जट हे टोक झाले. पण न सुटणे आणि ओढ बसणे हे दोष सौम्य रूपात घरोघर आहेत. शाळेत जाणाऱ्या मुलींच्या दोन वेण्या आठवा. सकाळच्या घाईत, ओल्या केसांतच, कपाळापासून चापून मागे ओढलेल्या, वर दुमडून रिबिनीने आवळलेल्या. डोळ्यांचे कोपरे ताणले जातील इतकी ती वेणी घट्ट असते, आणि घट्ट असली की आईला समाधान वाटते. सतत ओढीने कपाळाच्या कडेचे व कानशिलावरचे केस विरळ होतात याची नोंद वैद्यकात 1907 साली झाली, तीही ग्रीनलंडच्या मुलींवरून, ज्या केस वर ओढून घट्ट बांधत. सुरुवातीला ओढ थांबवली तर केस परत येतात. वर्षे गेली तर मूळच मरते आणि मग कुठलेही तेल उपयोगी पडत नाही. तेव्हा वेणी सैल घाला, केस वाळल्यावर घाला, भांग अधूनमधून बदला, रात्री रिबीन-रबर काढून केस मोकळे किंवा सैल वेणीत ठेवा. लग्नकार्यात गंगावन लावून जड अंबाडा घातला तर त्या रात्रीच उतरवा. डोक्यावर घागर वाहणाऱ्या बाईने चुंबळ रोज एकाच जागी घासू नये. फॅशनमध्ये तेल चालत नाही म्हणून पोरांनी डोक्याला चोपडलेला जेल रात्री धुवून टाकावा. उन्हाळ्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सुश्रुताचा फेटा आणि आपल्या आयांचा पदर दोन्ही योग्य. फक्त खाली केस ओले नकोत.

प्रकृतीचा विचार आयुर्वेदात आहे आणि तो इथे कामाचा आहे, पण त्याची कुंडली करू नये. पित्तप्रकृतीच्या माणसाचे केस मऊ, विरळ, लवकर पिकणारे असतात, असे चरक सांगतो. वाताचे कोरडे आणि राठ, कफाचे दाट. ज्याचे केस कोरडे त्याने तेल जास्त व धुणे कमी, ज्याचे तेलकट त्याने उलटे, इतका अर्थ घेतला तरी पुरे. घरात चौघींना एकच बाटली आणि एकच न्हाण्याचा वार, ही पद्धत मोडण्यापुरता प्रकृतिविचार हवा.

दुसरा आक्षेप विज्ञानाच्या बाजूने येतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथांवर का विसंबायचे? माझे उत्तर: विसंबू नये, तपासावे. खोबरेल तेल केसात शिरते आणि धुताना केसातल्या प्रथिनाची झीज कमी करते, सूर्यफुलाचे किंवा खनिज तेल ते करत नाही, असे रेळे आणि मोहिले या संशोधकांनी 2003 साली दाखवले. ते खोबरेल तेल बनवणाऱ्या कंपनीतले होते हेही सांगितले पाहिजे. तरी हा निष्कर्ष असलेला केस टिकण्याविषयी आहे, नवा केस उगवण्याविषयी नाही. माका उंदरांवरच्या प्रयोगांत आशादायक दिसला, माणसांवरचा पुरावा तोकडा आहे. कोंडा झालेल्या डोक्यावर तेल थापून ठेवले तर कोंड्याची बुरशी त्या तेलावरच पोसते, म्हणून रोज तेल लावा हा चरकाचा सल्ला कोंडेवाल्याने पाळू नये. आणि आपल्या भागाच्या जिव्हाळ्याचे एक उदाहरण घ्या. चरकाने वनस्पतीज तेलांत तिळाचे सर्वोत्तम आणि करडईचे सर्वांत अहितकर म्हटले आहे. मराठवाड्याने पिढ्यान्‌पिढ्या करडईच्या तेलावर भाकरी खाल्ली, आणि आजचे आहारशास्त्र त्या तेलाला वाईट म्हणत नाही. इथे मी मराठवाड्याच्या बाजूने आहे. ग्रंथाला मान द्यायचा तो त्यातले प्रत्येक वाक्य पाळून नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो बुलढाणा जिल्ह्यातून येतो. डिसेंबर 2024 च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस हातात यायला लागले. आधी डोक्याला खाज, मग ओढला की केस निघतो, आणि काही दिवसांत टक्कल. पुरुष, बाया, मुले कोणी सुटले नाही. बुरशीचा संशय घेतला गेला, खारपाणपट्ट्यातल्या पाण्याचा घेतला गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके आली. विंचूदंशावरच्या कामासाठी जगाला माहीत असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे रक्त आणि गावातले गहू तपासून आपला निष्कर्ष मांडला: रेशनवर आलेल्या परप्रांतीय गव्हात सेलेनियम फार होते, ते अंगात गेले, आणि सोबत जस्त कमी पडले. आता त्या गावातली बाई वेणी सैल घालत होती की घट्ट, याला काय अर्थ उरतो? मग केशरचनेच्या आणि सवयींच्या या सगळ्या बोलण्याचे मोल काय?

मोल आहे, पण त्याची हद्द आहे, आणि ती हद्द चरकानेच आखली आहे. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात तो जनपदोद्ध्वंसाचा विचार करतो. माणसांची प्रकृती, आहार, वय वेगवेगळे असताना गावेच्या गावे एका वेळी एकाच रोगाने का पडतात, हा त्याचा प्रश्न आहे. उत्तर असे, की वारा, पाणी, भूमी आणि काळ या सर्वांच्या सामाईक गोष्टी बिघडल्या की एकेकाच्या पथ्याने भागत नाही. शेगावच्या गावांत बिघडली ती अशीच सामाईक गोष्ट. म्हणून केस एकट्याचे गळत असतील तर आपली वेणी, आपले पाणी, आपले ताट पाहावे. वाडीभर गळत असतील तर तेल बदलत बसू नये, त्या दिवशीच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सांगावे आणि पाण्याचा व धान्याचा नमुना तपासायला लावावा. मधला एक प्रकारही आहे, जो गावभर असूनही बातमी होत नाही. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या सुमारे 54 टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. रक्तातले लोह कमी पडले की केस विरळ होतात. अशा बाईच्या हातात जास्वंदीच्या तेलाची बाटली देणे आणि तिला सर्वांत शेवटी, उरलेसुरले जेवायला बसवणे, या दोन गोष्टी एकाच घरात चालतात. आयुर्वेदाच्या हिशेबाने तिचे केस पहिल्या ताटात वाढायचे आहेत: ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, पालेभाजी, तीळ, गूळ-शेंगदाणे, चालत असतील त्या घरी अंडी, आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या.

जाताना एकच विनंती. आज घरी गेल्यावर लेकीच्या, सुनेच्या, म्हाताऱ्या आईच्या मानेमागे हात घालून पाहा. एखादा गुंता लागला तर वाटीभर तेल घ्या, बोटांनी गुंत्यात मुरवा, घटकाभर थांबा आणि टोकाकडून मुळाकडे थोडे थोडे सोडवत या. नाहीच सुटला तर तेवढा कापा. त्याला हळद-कुंकू लावू नका, आणि कोणी लावायला आले तर लावू देऊ नका.